प्रकरण चौदावं : दमापुरती चिठ्ठी

अकीलचाचांनी मालवाहू ऑटो दारात आणून उभा केला, तेव्हाच समतानं ओळखलं की आजचा रविवार गेला. लोणारहून सुलतानपूरला माणूस एसटीनं येतो, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतो. ऑटो घेऊन येणारा काहीतरी उचलून न्यायलाच येतो. आणि या घरातून चाचांनी उचलून न्यावं असं एकच होतं. पुढच्या खोलीत भिंतीशी ठेवलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या, आणि त्यांतल्या तीनशे बारा कॅसेट.

"जयभीम, वहिनी," चाचा उंबऱ्यावरूनच म्हणाले. "पेट्या घ्याले आलो."

समताची आई, सिंधूताई, माजघराच्या दारात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. तिनं हातातली कैरी अडकित्त्याखाली धरली, खटकन दोन केली आणि मगच वर पाहिलं. "पह्यले पानी तं घ्या, अकीलभाऊ."

"पानी नोको."

पाणी नको म्हणणारे अकीलचाचा समतानं जन्मात पहिल्यांदा पाहिले. या घरी आले की पाणी, मग चहा, मग जेवण आणि जाताना डब्यात काहीतरी, असा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. तिला चीड आली, कारण उद्या सोमवार होता आणि उद्या पुण्याची माणसं येणार होती.

पुण्याची माणसं म्हणजे तिच्या कंपनीत भांडवल घालायला तयार झालेले लोक. कंपनी म्हणायचं ते म्हणायचं म्हणून. लोणारला एका कृषी केंद्राच्या माडीवर दोन खोल्या, चार संगणक आणि खालून येणारा खताचा वास. तिथून तिचं आणि नौमानचं 'कोरस' हे गाण्यांचं ॲप चालायचं. पहिल्या महिन्यात ऐकणारे त्रेचाळीस होते, त्यातले एकतीस नात्यातले. मग लागोपाठ दोन वर्षांचे एप्रिल महिने दोघांनी जयंतीच्या मंडपामंडपांतून काढले. लोकांचे फोन हातात घ्यायचे, जागा नाही म्हटलं की त्यातले सुप्रभातचे फोटो पुसायचे, ॲप टाकून द्यायचं आणि गाणं लावून दाखवायचं. कुणी तरी ते सुरतच्या कामगारांच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते वाशीम, जालना, औरंगाबाद फिरून आलं, आणि या मार्चात ऐकणारे साठ हजारांवर गेले. हे साठ हजार लोक ऐकत होते ते या दोन पेट्यांमधलंच. समताच्या बाबांच्या, माणिकरावांच्या, गायन पार्टीचे बावीस वर्षांतले कार्यक्रम. भीमगीतं, कव्वाल्या, मधूनमधून सवाल-जवाब. ते सगळं टेपवर उतरवून ठेवलं होतं अकीलचाचांनी. आणि नौमान हा चाचांचा मुलगा. दोन घरं अशी एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे एका घरात कुणी शिंकलं तरी दुसऱ्या घरात भांडण व्हायचं.

"चाचा, आज नका नेऊ ना," समता म्हणाली. "उद्या पुण्याहून लोक येऊन राह्यले. त्यायले पेट्या दाखवाच्या आहेत."

"पेट्या कायले दाखवतं, बेटा? मशीन दाखव. मशीननंच कापलं ना माह्या बापाले?"

कापलं होतं हे खरं होतं.

चाचांचे वडील गुलजारभाई. लोणारचे शिंपी, आणि पार्टीचे निवेदक. कार्यक्रम रंगात आला की लोक फर्माईशीच्या चिठ्ठ्या स्टेजवर पाठवायचे, आणि गुलजारभाई गाणं मध्येच थांबवून त्या वाचायचे. 'थोडं थांबा, माणिकराव' म्हणून हात वर करायचे. ढोलकी दबकी व्हायची, कोरसवाले हलकी टाळी धरून ठेवायचे, आणि गुलजारभाई कुणाच्या घरी पोरगी झाली, कोण जुना रुसवा सोडून भावाच्या शेजारी येऊन बसलं, कोण दवाखान्यातून सुखरूप आलं, हे गावाच्या नावासकट सांगायचे. मग गाणं जिथं सुटलं होतं तिथून पुढे. गुलजारभाई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज राहिला होता तो फक्त या चिठ्ठ्यांमध्ये.

आणि आठ दिवसांपूर्वी नौमाननं 'कोरस'वरच्या सगळ्या गाण्यांची नवी, आटोपशीर प्रत चढवली. संगणक गाणं कुठलं आणि बोलणं कुठलं ते ओळखतो, बोलणं काढून टाकतो आणि टोकं जोडतो. अकरा मिनिटांचं गाणं पाच मिनिटांत. समतानं तीन गाणी अर्धीमुर्धी ऐकली, बरं वाटलं, हो म्हणून टाकलं. वर जागा वाचवायला नौमाननं जुन्या प्रती पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता किनगाव जट्टूच्या जानरावांची पायल जालन्याहून, तिच्या सासरहून, फोनवर म्हणाली, "ताई, माहा जन्म कुठी गेला?" समताला वाटलं बाई वेडी आहे. पायलचा जन्म झाला त्या रात्री तिच्या बापानं गाण्यात चिठ्ठी पाठवली होती. बाप आता नाही. दर वाढदिवसाला ती ते गाणं लावून पोरांना ऐकवायची. त्या दिवशी असे सतरा फोन आले. मग मोजायचंच सोडून दिलं.

तेव्हा कुठे समताच्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक गाण्यात एक जागा अशी असायची की लोक तिथं मागे जाऊन पुन्हा ऐकायचे. तिला आणि नौमानला वर्षभर वाटत होतं, तिथं टेप अडकते. ती जागा चिठ्ठीची होती. आता नव्या प्रतीत लोक नेमके त्याच जागी गाणं सोडून जात होते. नाव शोधणारे गेले हे समजत होतं. पण ज्यांना ना गुलजारभाई माहीत ना किनगाव, ते पुण्या-मुंबईचे नवे ऐकणारेही तिथंच का सोडतात, हे काही केल्या कळत नव्हतं. आठ दिवस तिची झोप त्या जागेवर अडकली होती.

"मुळात," कूलरसमोरच्या खाटेवरून दादा म्हणाला. दादा म्हणजे प्रसेनजित, तिचा मोठा भाऊ, देऊळगाव राजाला जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. दर रविवारी येतो आणि दर वाक्य 'मुळात'नं सुरू करतो. "मुळात पुण्यातली चांगली नोकरी सोडाचंच कारन नव्हतं."

"दादा, त्याले आता तीन वर्षं झाले."

"मी फक्त मुळाशी जाऊन राह्यलो."

"तिकडंच राह्य," समता पुटपुटली.

एवढ्यात नौमान मोटारसायकलवरून आला. बाप ऑटोत पुढे आणि मुलगा मागून, लोणारपासून सुलतानपूरपर्यंत, म्हणजे आठ दिवस झाले तरी दोघांचं बोलणं सुरू झालेलं नव्हतं. तो आत आला, सिंधूताईला सलाम केला, आणि दाराशी उभा राहिला. बसायलाही त्याला कुणाची तरी परवानगी हवी होती असं दिसलं.

खुर्चीत माणिकराव बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, पांढरा झब्बा, गळ्याशी उन्हाळ्यातही रुमाल. गळा जपायची सवय. आतापर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते, आणि समताला ते बरंच वाटलं होतं. पण तेवढं सुख कुठलं.

"या पोरायले कशाची कदर नाई, अकील," ते म्हणाले. "मशीनच्या हाती गानं देलं का असंच होनार. माह्या गान्याचे तुकडे केले यायनं."

"तुमच्या गान्याचे नाई केले, भाऊ," चाचा म्हणाले. "तुमचं गानं तं पूरं आहे. माहा बाप काढला त्यातून."

"तेच म्हनून राह्यलो मी."

"तुम्ही ते नाई म्हनून राह्यले."

बाहेर ऑटोवाल्या भागवतनं हॉर्न वाजवला. "चाचा, मले बाराले मेहकरचं भाडं आहे!"

"येतो बे!" चाचा ओरडले, आणि आत वळून नौमानकडे न पाहता सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाले, "आठ दिवस झाले, मी एकच गोष्ट इचारून राह्यलो. कोनं सांगतलं होतं काढाले? मशीन आपल्या मनानं कापत नाई. कोनी तरी त्याले सांगते. बोल म्हनावं याले."

"मी हो म्हटलं होतं, चाचा," समता म्हणाली. "न ऐकता हो म्हटलं. माहीच चूक आहे."

"समताची नाई, अब्बा," नौमान म्हणाला. "तिनं फक्त हो म्हन्लं. बाकी तिले माहीत नव्हतं."

"मंग कोनाची?"

नौमान ना बापाकडे पाहत होता ना समताकडे. तो माणिकरावांच्या खुर्चीखालच्या फरशीकडे पाहत होता, आणि एवढं टक लावून की समतानंही तिकडे पाहिलं.

"बोल ना बे," माणिकराव जोरात म्हणाले. "घाबरतं कायले?"

खटक. आणखी एक कैरी दोन झाली. "तुम्हालेच घाबरते तो," सिंधूताई म्हणाली. "तुम्हीच सांगतलं त्याले."

"तू आपल्या कैऱ्या फोड," माणिकराव म्हणाले.

"फोडूनच राह्यली. मागच्या महिन्यात वट्ट्यावर बसून फोन कोनं केला? मी धुनं वाळू घालून राह्यली होती. 'नौमान, ते मंधातलं बोलनं काढून टाक, गानं सलग येऊ दे, आन् समतीले सांगू नोको.' आता म्हना नाई म्हनून."

माणिकरावांनी नाही म्हटलं नाही. रुमाल नीट केला.

समताला आधी खरंच हसू आलं. मग तिच्या कानशिलांपर्यंत राग चढला. "बाबा, आठ दिवस मी लोकायच्या शिव्या खाऊन राह्यली. सकाळी सातपासून. तुम्ही रोज समोर बसून जेवले. काल मले इचारलं, कायचे फोन येऊन राह्यले एवढे! भाजी वाढून घेतली आन् इचारलं!" ती नौमानकडे वळली. "आन् तू? तू काऊन नाई सांगतलं? अर्धी कंपनी तुही आहे ना?"

"काकाचं नाव मी कसं घेऊ?" नौमान म्हणाला. "तूच सांग, माह्या अब्बासमोर मी माणिककाकाचं नाव घेऊ?"

हे असं होतं. या दोन घरांत एकमेकांचा मान राखता राखता सगळ्यांचं वाटोळं व्हायचं, पण मान राखला जायचा. समताला वाटलं, आपण ही दोन्ही घरं, कूलर, कैऱ्या, सगळं इथंच टाकून भागवतच्या ऑटोत बसून मेहकरला निघून जावं.

"कायले केलं, भाऊ?" अकीलचाचांनी विचारलं. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता. समताला तो चढलेला परवडला असता.

माणिकराव एखाद्या लहान मुलासारखे रुसून बोलले. "बावीस वर्षं, अकील. बावीस वर्षं माहा सूर वर चढला, लोक डोलाले लागले, का तुह्या बापाचा हात वर. 'थोडं थांबा, माणिकराव.' मी थांबाचं. लोक टाळ्या वाजवाचे ते चिठ्ठीले. आजबी बजारात भेटते कोनी, म्हनते, काय चिठ्ठ्या वाचत होते हो गुलजारभाई! माह्या गान्याचं एक कडवं त्याले पाठ नसते. वाईट मानूस नव्हता तो, भावासारखा होता. पन मले वाटलं, मराच्या आधी एकदा, एकदा तरी, माहं गानं पह्यल्यापासून शेवटलोक कोनी न अडवता ऐकावं. एवढंच."

क्षणभर समताचा राग ढिला पडला. तेवढ्यात दादा उठून बसला. "मुळात बाबाचं बरोबर आहे. गायकाचं गानं, गायकाचा हक्क."

"आताच तं तू म्हनत होता कंपनीच काढाले नव्हती पाह्यजे!"

"ते येगळं."

अकीलचाचांनी मात्र ना बाबांकडे पाहिलं ना दादाकडे. त्यांनी खिडकीतून भागवतला हाक मारली. "ये. उचल." भागवत आला, दोघांनी पहिल्या पेटीची दोन्ही कडी धरली. पेटी जड होती. नौमान मदतीला पुढे झाला तर चाचांनी कोपरानं त्याला बाजूला केलं. चाचांचे डोळे भरले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. समताला समजलं की आता ही पेटी उंबऱ्याबाहेर गेली की परत येणार नाही. पायलचा जन्म नाही, गुलजारभाई नाहीत, 'कोरस' नाही. साठ हजार लोकांना ऐकवायला तिच्याकडे उरणार होती फक्त मशीननं जोडलेली टोकं.

"भागवत, खाली ठेव," सिंधूताई म्हणाली.

ती उठली होती. हात पदराला पुसत होती. आई उठून उभी राहिली की घरातली माणसं बसतात, हे भागवतलाही कसं कोण जाणे ठाऊक होतं. पेटी खाली आली.

"अकीलभाऊ, किनगाव जट्टूची कॅसेट काढा. जानरावच्या घरी पोरगी झाली होती ती."

"एकशे अठरा," चाचा न बघताच म्हणाले. पेटी उघडून हात घातला तो नेमका तिच्यावरच पडला. कॅसेट उतरवून घ्यायचा डेक कोपऱ्यात होताच. समतानं कूलर बंद केला. मे महिन्याचा उकाडा लगेच आत शिरला.

टेप फिरायला लागली. तरुण माणिकराव. आवाज असा खणखणीत की दादासुद्धा मुळाशी न जाता ऐकत राहिला. एक अंतरा झाला, दुसरा झाला. खुर्चीत बाबांची मान हळूहळू डोलायला लागली.

"गानं नका ऐकू," सिंधूताई म्हणाली. "टाळी ऐका."

तिसरा अंतरा वर चढला. कोरसची दुहेरी टाळी घट्ट पडत होती, टप्-टप्, टप्-टप्. आणि मग समतानं ऐकलं. सूर वरच्या जागी गेला तसा त्याच्या खालून वारा निघाला. आवाज पातळ झाला, चरचरला, एक शब्द अर्धाच उमटला. त्याच क्षणी टाळी बदलली. दुहेरीची एकेरी झाली. टप्. टप्. आणि गुलजारभाईंचा आवाज आला, सुपारी चघळत बोलल्यासारखा निवांत.

"थोडं थांबा, माणिकराव. मायबाप हो, चिठ्ठी आली आहे. किनगाव जट्टूचे जानराव लिहितात, आज सांजच्याले माझ्या घरी लेक झाली. नाव पायल ठेवतो म्हणतात. जानराव, पाय वाजतील बरं का घरात, झोपायचं विसरा आता!"

टेपवरचं गाव हसलं. त्या हसण्याच्या खाली दुसरं काही तरी होतं. खोकला. दबलेला, तोंडावर रुमाल धरून केलेला, थांबता थांबत नसलेला. मग तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज, आणि अगदी हळू एका बाईचा. "सुंठ धरा तोंडात. बोलू नोका."

तो आईचा आवाज होता. कोरसमध्ये मागे बसणाऱ्या आईचा. गुलजारभाई आणखी दोन चिठ्ठ्या वाचत राहिले, घाई न करता, खोकला थांबेपर्यंत. मग टाळी पुन्हा दुहेरी झाली आणि बाबांचा आवाज परत आला तो धुऊन वाळवल्यासारखा स्वच्छ.

समतानं डेक बंद केला. त्या जागी लोक गाणं का सोडून जात होते ते तिला आता कळलं. चिठ्ठी काढून टाकल्यावर तिथं उरला होता फक्त तुटलेला आवाज आणि त्याला जोडलेला पुढचा सूर. नव्या माणसाच्या कानालाही ते बोचत होतं. आठ दिवस ती आकड्यांकडे पाहत बसली होती, गाण्याकडे नाही.

"टाळी मी बदलत होती," सिंधूताई म्हणाली. ती आता नवऱ्याकडे बघून बोलत होती, बाकी कुणाकडे नाही. "तुमचा दम तुटाले आला का मले मागून पह्यले समजाचं. तुमचे खांदे वर जाचे. मी टाळी एकेरी केली का गुलजारभाई हात वर करत. चिठ्ठ्या तं कार्यक्रमाच्या सुरुवातीलेच येऊन पडत होत्या त्यायच्याजवळ. ते लगेच वाचत नव्हते. खिशात ठेवत होते. तुमच्या दमापुरती एकेक काढत होते."

"तू काऊन नाई सांगतलं?" माणिकरावांनी विचारलं. त्यांना तेवढंच विचारता आलं.

"त्यायनं शपथ घातली होती. 'वहिनी, माणिकभाऊले सांगजा नोका. गायकाले समजलं का आपला दम तुटते, मंग तो रोजच तुटते.' मरेपर्यंत सांगू नोका म्हन्ले होते. कोन मरेपर्यंत ते काई सांगतलं नव्हतं." तिनं एक क्षण अडकित्त्याकडे पाहिलं. "आन् मले वाटलं होतं, एवढ्या वर्षात तुम्हालेबी समजलं असंन. दर वेळी सुंठ कोन देते म्हनून तरी."

अकीलचाचा पेटीवरच बसले. "मलेबी नाई सांगतलं अब्बानं," ते म्हणाले. "मी टेप धरून बसत होतो ना, वहिनी. तो खोकला ऐकू येऊ नये म्हनून मी माईक दुसरीकडं फिरवत होतो. अब्बा रागवाचे. म्हनाचे, तू तुहा माईक सिधा धर, बाकी मी पाहून घेतो."

बाबा हुंदका न काढता रडत होते. रुमाल गळ्याशी होता, तो डोळ्यांना लावायचंही त्यांना सुचत नव्हतं. समतानं वडिलांना रडताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण त्या रडण्यात काहीतरी ऐट असायची. आज नव्हती. तिला त्यांची दया आली आणि रागही तसाच राहिला, दोन्ही एकदम. त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

बाहेर हॉर्न वाजला. भागवत केव्हाचा गाडीत जाऊन बसला होता.

"जा तू," चाचा खिडकीतून म्हणाले. "भाडं जाईन तुहं." मग त्यांनी आठ दिवसांत पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. "नौमान. पेट्या अठीच राह्यतीन. पन मशीन लावाची नाई. तीनशे बारा कॅसेट, पह्यल्यापासून शेवटलोक, तू आपल्या कानानं ऐकाच्या. दर चिठ्ठी लिहाची. कोनाची, कोन्या गावची, कायले पाठवली. आजाले पुसलं ना तू? आता त्याच्याजवळ बस."

"बसतो, अब्बा."

समतानं मनातल्या मनात हिशेब केला. दिवसाला दोन कॅसेट झाल्या तरी पाच महिने. मध्ये सणवार, लग्नं, गेलेली वीज. सहा-सात महिने धरून चाला. आणि पुण्याची माणसं उद्या अकरा वाजता. तिनं फोन घेतला आणि अंगणात निंबाखाली गेली, कारण दादासमोर ती हे बोलली असती तर त्यानं मुळापासून सुरुवात केली असती.

"मॅडम, उद्या येऊ नका," ती पलीकडच्या बाईंना म्हणाली. "जी गाणी तुम्हाला पाठवली होती ती बरोबर नाहीत. आमच्याकडून चूक झाली. ती सगळी पुन्हा उतरवतोय, मधल्या बोलण्यासकट."

"बोलण्यासकट?" बाई म्हणाल्या. "समता, ते नव्हतं म्हणून तर ती आम्हाला आवडली ना? अकरा-अकरा मिनिटांचं गाणं आज कोण ऐकतं?"

"साठ हजार लोक ऐकत होते. आठ दिवसांपूर्वीपर्यंत."

"किती वेळ लागेल?"

"सहा-सात महिने."

मग बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे. मग नंतर बघू आपण." समतानं पुण्यात पाच वर्षं नोकरी केली होती. तिथल्या 'नंतर बघू'चा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं फोन ठेवला. एक मन म्हणत होतं, मूर्ख आहेस, पार मूर्ख आहेस. दुसरं काहीच म्हणत नव्हतं, आठ दिवसांनी पहिल्यांदा ते गप्प होतं.

ती आत आली तेव्हा कूलर सुरू झाला होता आणि चाचांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. दादानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाई म्हन्ले ना? मुळात..."

"दादा, मुळात गप बस."

दादा गप बसला. हेही नवीनच होतं.

नौमाननं वेळ दवडला नव्हता. डेकसमोर मांडी घालून, कानाला हेडफोन न लावता, शाळेच्या वहीवर तो लिहीत होता. किनगाव जट्टू, जानराव, लेक पायल. टेप मागे, पुन्हा पुढे. त्यानं माणिकरावांना जवळ बोलावलं नव्हतं, तरी ते खुर्ची ओढून त्याच्या मागे येऊन बसले होते. समता उभ्यानंच ऐकत राहिली. गुलजारभाई हसत होते, गाव हसत होतं, आणि खाली तो खोकला.

"आवाज जरा साफ करून घेईन, काका," नौमान सवयीनं म्हणाला. मागे वळला, जपून बोलत होता, आधीच पुष्कळ दुखावलं गेलं होतं म्हणून. "चिठ्ठी पूरी ठेवतो. खालचा खोकला तेवढा काढून टाकतो. ते जमते. कोनाले समजनारबी नाई."

"काढजो नोको," माणिकराव म्हणाले. आवाज बसला होता, त्यांनी तो खाकरून मोकळा केला नाही. "खोकला काढशीन तं त्यानं चिठ्ठी कायले वाचली, हे लोकायले समजंन कसं?"